अचलपूरला जायला कारण

अमरावतीच्या माणसाला "तुमच्याकडे पाहण्यासारखं काय आहे?" असं विचारलं की तो चटकन चिखलदरा म्हणतो. अकोल्याचा माणूस जरा थांबतो, आणि मग तोही चिखलदराच म्हणतो! चिखलदऱ्याला जाताना अमरावतीपासून साधारण पन्नास किलोमीटरवर परतवाडा लागतं. तिथं गाडी थांबते, चहा होतो, संत्री घेतली जातात आणि गाडी घाटाला लागते. ज्या गावाला चिकटून परतवाडा वसलं, त्या अचलपुरात मात्र कुणी वळत नाही.

खरं तर हे गाव ऐंशीहून अधिक वर्षं एका स्वतंत्र राज्याच्या राजधानीचं ठिकाण होतं, आणि पुढे मोगलांच्या आख्ख्या वऱ्हाड सुभ्याचं. अकबराच्या दरबारी अबुल फजलानं 'ऐन-ए-अकबरी'त त्याची नोंद मोठं शहर म्हणून केली आहे. आणि नोंदीत काय असावं? जमिनीलगत उगवणारं एक सुगंधी फूल! आपला भुईचाफाच तो. महसुलाच्या आकड्यांच्या गर्दीत त्या फुलाला जागा मिळाली, हे मला फार आवडतं.

आमच्या नातलगांना अचलपूर म्हटलं की लग्नं आठवतात. सुलतानपुऱ्यातलं घर, मेळघाटच्या सागवानाचे काळे पडलेले खांब, ओसरीवर मांडलेल्या सतरंज्या. ते घर आता विकलं गेलं. आमच्यापैकी कुणाचंच घर आता तिथं उरलेलं नाही. विक्रीचे कागद झाले त्या दिवशी आमच्या आत्या म्हणाल्या, "चला, आता अचलपूरले जायाचं काही कारण राह्यलं नाही." हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. गाव पाहायला जायचं तर तिथं आपला कुणी माणूस असायलाच हवा का? भाचा मागच्या वर्षी रोमला जाऊन आला, चारशे फोटो दाखवले. तिथं त्याची कोणती मावशी राहत होती?

म्हणून हिवाळ्यात मी आणि भाचा, आम्ही दोघं, केवळ अचलपूर पाहायला म्हणून गेलो. रिक्षावाल्याला म्हटलं, हौज कटोऱ्याला चल. त्यानं आमच्याकडे पाहिलं. "काय पाहाले चालले भाऊ तिथं? काईच नाई. पडलं हाये सारं."

पडलेलंच पाहायचं होतं आम्हाला!

हौज कटोरा म्हणजे गावाबाहेर एका गोल, खोलगट तळ्याच्या मधोमध उभा असलेला अष्टकोनी मनोरा. तीन मजले. प्रत्येक बाजूला कमानी. बहामनी-इमादशाही काळातली ही इमारत, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातली. पाण्यात उभ्या असलेल्या इमारतीच्या कमानींतून वारा आला की तो गार होऊन येतो, हे वऱ्हाडातल्या एप्रिल-मे मध्ये घामाघूम झालेल्या माणसाला समजावून सांगायला नको. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, हे इटलीत असतं ना, तर बाहेर रांग असती." मी म्हटलं, "रांग नाही तेच बरं आहे, आज निवांत पाहून घे."

आता रोमचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. रोमन जगाचा आणि आपला काही संबंध नाही असं समजू नका. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, १९३८ साली. अंगावर भारतीय घाटाचे दागिने. तिच्याशी नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती सापडल्या त्या आपल्या मराठवाड्यात, तेरला आणि भोकरदनला. म्हणजे सातवाहनांच्या काळात दख्खनचा माल इटलीतल्या घरात पोचत होता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली, ती उलट दिशेनं आलेली. तेव्हा रोमला गेलेला आपला भाचा हा काही तिकडे पोचलेला पहिला दख्खनी नव्हे!

असो. अचलपूरकडे वळू.

या परिसरातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आज गावात पाहायला मिळत नाही. अचलपूरच्या नैऋत्येला चार मैलांवर चम्मक नावाचं गाव आहे. १८६८च्या सुमारास तिथं शेत नांगरताना ताम्रपट सापडले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे, पाचव्या शतकातले. अक्षरांच्या डोक्यावर चौकोनी पेट्या काढायची वाकाटकांची खास पद्धत, आणि भाषा संस्कृत. राजा आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी भोजकट राज्यातलं, मधुनदीच्या काठचं चर्मांक नावाचं गाव एक हजार ब्राह्मणांना दान देतो. चर्मांक म्हणजेच चम्मक. दीड हजार वर्षं झाली, नाव फक्त थोडं झिजलं. हजारांपैकी नावं मात्र एकोणपन्नासांचीच लिहिली आहेत. त्या काळी पश्चिमेतलं रोमन साम्राज्य शेवटच्या घटका मोजत होतं, आणि इकडे चम्मकला जमिनीचे कागद होत होते.

या दानपत्रात दोन गोष्टी वाचण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे सवलतींची यादी. या गावात शिपाई शिरणार नाहीत, गावानं गायी-बैल पुरवायचे नाहीत, फुलं आणि दूध द्यायचं नाही, गवत, कातडी, कोळसा द्यायचा नाही. एका गावाला हे माफ केलं, याचा अर्थ सरळ आहे: बाकीच्या गावांना हे सगळं द्यावं लागत होतं. सरकारी माणूस आला की वैरण, दूध, कोळसा गावानं पुरवायचा. वाकाटकांच्या राज्यातल्या साध्या शेतकऱ्याबद्दल कुणी वेगळं लिहून ठेवलेलं नाही. तो असा, दुसऱ्याला दिलेल्या माफीतून दिसतो.

दुसरी गोष्ट आणखी भारी आहे. दानपत्रात साधारणपणे 'यावच्चंद्रदिवाकरौ' असं असतं. चंद्र-सूर्य असेपर्यंत जमीन तुमची. इथं तेही आहे, पण त्याला अट घातली आहे. या ब्राह्मणांनी राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी, व्यभिचार, ब्रह्महत्या, राजाला विषप्रयोग असलं काही करायचं नाही, युद्ध करायचं नाही, आणि दुसऱ्या गावांना त्रास द्यायचा नाही. यातलं काही केलं, किंवा करणाऱ्याला संमती दिली, तर राजानं जमीन परत घेतली तरी ती चोरी ठरणार नाही! आहे की नाही गंमत? आपल्याला वाटतं, जुन्या काळी राजा खूश झाला की गळ्यातला हार काढून द्यायचा. इथं बघावं तर चांगला करारनामा, तोही वकिली काव्यासकट. ज्यानं असं कलम घातलं, त्याला कधीतरी तसा अनुभव आला असणार, असं मला आपलं वाटतं.

आता गावाच्या नावाकडे. हा माझा आवडता विषय आहे, कारण अचलपुरातला सर्वांत जुना अवशेष म्हणजे त्याचं नावच.

लहानपणी आम्ही सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट अशी. इथं ईल नावाचा राजा होता, त्याच्यावरून एलिचपूर. गझनीच्या महमुदाचा एक भाचा, अब्दुल रहमान, नवरदेवाच्या वेषातच लढाईला आला, म्हणून तो दुल्हा रहमान. दोघांची लढाई झाली, दोघंही गेले. दुल्हा रहमानचा दर्गा आजही गावात आहे, आणि गावाच्या तटाच्या एका वेशीला दुल्हा दरवाजाच म्हणतात. ईल राजाला जैन परंपरेतही मानाची जागा आहे.

गोष्ट छान आहे. पण गावाच्या नावाला तिची गरज नाही. शके ५५३, म्हणजे इ.स. ६३१ असा काळ नोंदवलेला तिवरखेडचा राष्ट्रकूट ताम्रपट आहे. तो दिला गेला तो 'अचलपुरा'हूनच. जैनांच्या प्राकृत निर्वाणकांडात मुक्तागिरीचा पत्ता सांगताना अचलपूरच्या ईशान्येला असं सांगितलं आहे. म्हणजे मूळ नाव अचलपूर. मग एलिचपूर आलं कुठून? याचं उत्तर बाराव्या शतकात गुजरातेत बसून आचार्य हेमचंद्रांनी देऊन ठेवलं आहे. त्यांच्या प्राकृत व्याकरणात एक आख्खं सूत्र या एका गावासाठी आहे! अचलपूर या शब्दात 'च' आणि 'ल' यांची अदलाबदल होते, असं ते सांगतात. अचलपूरचं अलचपूर.

यात अवघड काही नाही. आपण नुकसानाला नुसकान म्हणतो, मतलबला मतबल म्हणतो, लखनौचं नखलौ करतो. तसंच. पुढे महानुभावांच्या लीळाचरित्रात, तेराव्या शतकात, तेच गाव अळजपूर होऊन येतं. मग फारसी लिहिणारे आले. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत, त्यामुळे अलच, इलिच, एलिच यांतलं अंतर फार नाही. एकदा एलिचपूर रूढ झालं, की लोकांना प्रश्न पडणारच: हा 'एल' कोण? आणि ज्याचा पत्ता नाही अशा प्रश्नाला उत्तर म्हणून राजा उभा राहतो. ईल नावाचा कुणी राजा होता की नव्हता, हा वेगळा विषय. पण गावाचं नाव त्याच्यामुळे पडलं नाही, एवढं व्याकरणच सांगतं.

हे मी इतकं ताणून का सांगतोय? तर अशा गोष्टीत कधीकधी आजची भांडणं घुसतात. राजा आपला, दर्गा त्यांचा, किंवा उलट. गावच्या नावाच्या उगमाशीच एक लढाई आहे असं पोरांच्या मनात बसलं, तर पुढची पिढी ती लढत राहते. आणि सूत्र म्हणतं, बाबांनो, इथं फक्त दोन अक्षरांनी जागा बदलल्या होत्या. जीभ घसरली, एवढंच. मला हे समजल्यावर फार हलकं वाटलं होतं.

त्यानंतरचा इतिहास भराभरा सांगतो. १२९६ साली देवगिरीवर चालून जाताना अल्लाउद्दीन खिलजी अचलपूरवरूनच गेला. पुढे बहामनी सुलतानांच्या राज्यात वऱ्हाड हा एक मोठा प्रांत. त्याचा सुभेदार फतहुल्ला इमादउलमुल्क १४९०च्या सुमारास स्वतंत्र झाला, ती इमादशाही. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की फतहुल्ला हा विजयनगरकडच्या हिंदू घरातला मुलगा, लढाईत बालपणीच पकडून आणलेला. अहमदनगरच्या निजामशाहीच्या मूळपुरुषाचीही हीच कथा, फक्त ते घराणं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं. आणि याच पाथरीसाठी पुढे दोन्ही सुलतान एकमेकांशी लढले!

फतहुल्लाचं सुंदर काम पाहायचं तर अकोल्याच्या बाजूनं जावं. अकोटच्या पुढे, सातपुड्यात नरनाळा किल्ला आहे. आता तो वाघांच्या जंगलात आहे, शहानूरच्या वनखात्याच्या नाक्यावरून जावं लागतं. तिथला महाकाली दरवाजा पाहताना मान दुखते आणि तरी खाली करवत नाही. पांढरट दगडात कोरलेली फुलं, दोन्ही बाजूंना सज्जे, आणि वर वळणदार अक्षरांचे पट्टे. हे बांधकाम १४८७चं. फतहुल्ला तेव्हाच मनानं स्वतंत्र झालेला असणार, पण लेखात नाव घेतो ते आपल्या बहामनी सुलतानाचंच, त्याच्या पूर्वजांसकट. तीनच वर्षांनी वेगळं होणाऱ्याचं हे शिष्टाचाराचं पत्र!

गाविलगडावरही असंच एक कोडं आहे. तिथल्या दिल्ली दरवाजावर सिंह कोरले आहेत, हत्ती आहेत, आणि दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी आहे. गंडभेरुंड हे विजयनगरकडचं चिन्ह. फतहुल्लाच्या जन्माशी काही अभ्यासक ते जोडतात. खरं असेल तर विचार करा. लहानपणी तोडून आणलेला मुलगा, धर्म बदलला, भाषा बदलली, राज्य मिळालं, आणि वऱ्हाडच्या डोंगरावर त्यानं आपल्या मुलखातला पक्षी बसवला. भाचा या दरवाजापाशी म्हणाला, "म्हणजे यालाही गावाकडची आठवण येत असेल." मी काही बोललो नाही.

१५७४ साली निजामशाहीनं इमादशाही गिळली, आणि १५९६ साली चांदबिबीला वऱ्हाड अकबराला द्यावं लागलं. अठराव्या शतकात इथं निजामाचे नवाब आणि नागपूरकर भोसले, असे दोन धनी. रयतेनं दोघांनाही भरायचं. बाळापूरचा किल्ला आपण अकोल्याहून शेगावला जाताना पाहतो ना, तो औरंगजेबाच्या मुलानं, आझमशाहानं, सुरू केला आणि पुरा केला तो १७५७ साली, एलिचपूरच्या नवाब इस्माईलखानानं. एवढा या गावाचा हात लांब होता.

मग १८०३ उजाडलं. २९ नोव्हेंबरला अकोल्याच्या उत्तरेला अडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. समोरचा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली, बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. गड पडल्यावर दोनच दिवसांत, १७ डिसेंबरला, याच भागात देवगावचा तह झाला. रघूजी भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचं वऱ्हाड सोडलं, ते निजामाकडे गेलं, आणि कटकचा मुलूख सोडला, तो इंग्रजांना मिळाला. म्हणजे ओडिशाचं भवितव्य अचलपूरजवळच्या एका खेड्यात ठरलं. पुरीच्या जगन्नाथाच्या रांगेत उभं राहिलेल्या वऱ्हाडी माणसाला हे कुणी सांगतं का?

पण गावाला खरी ओहोटी लागली ती तोफेनं नव्हे. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढे कापसाला भाव आला, आणि कापसामागे आगगाडी आली. मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ साली पुरी झाली, ती अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी सपाटीवरून. एलिचपूर डोंगराच्या पायथ्याशी, लांब उत्तरेला राहिलं. व्यापार अमरावतीला गेला, व्यापारी गेले, कचेऱ्या गेल्या. १९०५ साली एलिचपूर जिल्हाच मोडून अमरावतीत घातला. गावाला रेल्वे मिळाली ती १९१३ साली, मूर्तिजापूरहून, अरुंद रुळांची. तीच आपली शकुंतला! मुख्य गाडीनंतर सेहेचाळीस वर्षांनी. आता तर तीही बंद आहे. आत्यांच्या पिढीची सगळी वऱ्हाडं शकुंतलेनंच आली-गेली.

पाचशे वर्षं मोठं असलेलं गाव पन्नास वर्षांत मागे पडलं, आणि कारण काय, तर रूळ कुठून टाकले. राजे-सुलतानांच्या याद्या पाठ करणाऱ्या आम्हा लोकांना हे जरा बोचतंच.

विदर्भातल्या जुन्या वस्तू नीट मांडलेल्या पाहायच्या तर नागपूरच्या अजब बंगल्यात जावं, १८६३ सालचं संग्रहालय आहे ते. अचलपुरात मात्र वस्तू काचेत नाहीत. वेशीतून मोटारसायकली जातात, तटाच्या भिंतीला लागून कुणाचा गोठा असतो, जुन्या दगडावर कपडे वाळतात. रोममधल्या अवशेषांना कुंपण असतं, ते आवश्यकही आहे. इथं माणसं आत राहतात म्हणून कमान शाबूत आहे, आणि माणसं आत राहतात म्हणूनच कमानीचा एखादा दगड निघून नव्या पायरीला लागतो. दोन्ही खरं. नुसती हळहळ करण्यात अर्थ नाही. जुन्या गावात जगणाऱ्याला घरही हवं असतं. पण ज्याला माहीत आहे की हा दगड कशाचा, तो काढताना एकदा हात थांबवेल. माहीतच नसेल तर कशाला थांबवेल?

म्हणून ज्यांचं बालपण तिथं गेलं त्यांना, म्हणजे आमच्या घरच्या मंडळींना, माझं सांगणं आहे. चिखलदऱ्याला जाताना परतवाड्याच्या चहानंतर दोन तास काढा. सापन आणि बिच्छन या दोन नद्यांमधलं हे जुनं गाव पायी फिरा. दुल्हा दरवाजा पाहा, संध्याकाळी हौज कटोऱ्याला जा, पोरांना अक्षरांच्या अदलाबदलीची गोष्ट सांगा. सोबत पाणी ठेवा, उन्हाळ्यात जाऊ नका. आणि रिक्षावाला "काईच नाई तिथं" म्हणाला, तर त्यालाही बरोबर घ्या. आमचा रिक्षावाला शेवटी आमच्यासोबत तळ्याच्या काठावर बसला होता. जाताना म्हणाला, "लहानपणापासून पाह्यतो भाऊ, पण कोणी सांगतलंच नाई कधी."

घर नाही उरलं, हे खरं. गाव आहे की.